श्रावणात कर्ल्स टिकतात का? दादरच्या एका नव्या नवरीच्या केसांचं प्रकरण

माझी भाची चोवीस वर्षांची आहे. मे महिन्यात लग्न झालं आणि ती दादरला सासरी आली. केस कमरेपर्यंत, दाट आणि सरळ. श्रावणाच्या पहिल्या रविवारी ती मुलुंडला माझ्याकडे आली. रडवेली झाली होती. "मावशी, तिसऱ्या मंगळवारी माझी मंगळागौर आहे. नऊवारी नेसणार, वर छोटा खोपा घालणार आणि मागे कर्ल्स मोकळे सोडणार. आतापर्यंत दोनदा करून बघितलं. दोन्ही वेळा घाटकोपर येईपर्यंत केस सरळ!"

मी पंधरा वर्षं घरातूनच पार्लर चालवते. पावसाळ्यात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच: लांब केसांतले कर्ल्स टिकत का नाहीत? एरवी मी दोन-चार गोष्टी सांगून मोकळी होते. या वेळी हातात सव्वादोन आठवडे होते आणि डोकं घरचं होतं. म्हणून ठरवलं, नीट मोजून, लिहून ठेवून बघायचं. जे झालं ते सगळं इथे देते. त्यात माझी एक चूकही आहे.

आधीचे दोन प्रयत्न

पहिल्यांदा तिने सकाळी टाँग, म्हणजे केस गुंडाळून कुरळे करायचं गरम मशीन, वापरली. अंघोळीनंतर केस पंख्याखाली "जवळजवळ सुकलेले" होते. मशीन सगळ्यात वरच्या आकड्यावर, म्हणजे २३० अंशांवर. एकेक बट मनगटाएवढी जाड. बट सोडली की लगेच कंगवा. मी विचारलं, "टाँग लावताना चर्र आवाज येत होता का?" म्हणाली, "हो, वाफही येत होती." हा आवाज ऐकला की हात तिथेच थांबवायचा. केसाच्या आतलं पाणी उकळून त्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि केसाच्या दांड्यात बुडबुडे तयार होतात. असा केस पुढे तिथेच तुटतो. कोणतंही सिरम तो बुडबुडा भरून काढत नाही.

दुसऱ्यांदा तिने मशीनला हातच लावला नाही. रात्री न्हाऊन ओल्याच केसांना गाऊनचा पट्टा गुंडाळला आणि झोपली. सकाळी सोडलं तेव्हा कर्ल्स अगदी हवे तसे. पण मानेजवळ हात घातला तर आत दमटपणा आणि कुबट वास. साडेआठला दादरला लोकलमध्ये चढली, नऊच्या आत सगळं उतरलं.

दोन्ही प्रयत्न वेगळे दिसतात, पण दोन्हींतली चूक एकच आहे. ती समजायला केसाकडे थोडं आतून बघावं लागतं.

केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्याचे धागे एकमेकांना दोन मुख्य प्रकारच्या बंधांनी धरून असतात. गंधकाचे बंध पक्के; पाण्याने किंवा साध्या उष्णतेने ते सुटत नाहीत. हायड्रोजन बंध कच्चे पण असंख्य. ते पाण्याने सुटतात, उष्णतेने सुटतात, आणि केस सुकला किंवा थंड झाला की जिथे असेल तिथे पुन्हा जुळतात. घरी केलेला प्रत्येक कर्ल या कच्च्या बंधांवर उभा असतो. ओला केस गुंडाळून सुकू दिला, तर ते गुंडाळलेल्या आकारात जुळतात. सुकण्याआधी सोडला, तर सोडल्यानंतर जुळतात, म्हणजे लोंबत्या, सरळ आकारात. टाँगचंही तसंच. आकार बसतो तो गरम असताना नाही, निवताना. गरम बट हातातून सोडून लगेच विंचरली की ती विंचरलेल्या आकारात निवते.

त्यात मुंबईची हवा. जुलै-ऑगस्टमध्ये इथे आर्द्रता सरासरी ८० ते ९० टक्क्यांच्या घरात असते. अशा हवेत हाताला कोरडा लागणारा केसही आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढं किंवा त्याहून जास्त पाणी धरून असतो. म्हणजे पाऊस अंगावर न पडताही केस हळूहळू ओला होत असतो आणि कच्चे बंध एकेक करून सुटत असतात. कोरड्या हवेच्या गावात रात्रभर गुंडाळलेले केस सकाळी सुकलेले मिळतात. आपल्याकडे श्रावणात दोरीवरचे कपडे तीन दिवस सुकत नाहीत, तिथे एकावर एक दहा वेढे दिलेले केस एका रात्रीत कसे सुकणार? मोबाइलवरचे व्हिडिओ बघून करणाऱ्या बहुतेक मुली इथेच फसतात, आणि दोष आपल्या केसांना देतात.

चार बटा, एक टेप

त्याच रविवारी मी तिच्या मागच्या बाजूच्या चार बटा निवडल्या. एकाच डोक्यावरच्या, सारख्या जाडीच्या. ओढून धरल्यावर प्रत्येकीची लांबी ७८ सेंटिमीटर. पहिलीला १८० अंशांवर दहा सेकंद टाँग लावून गरम असतानाच सोडलं. दुसरीला तेवढीच टाँग, पण कर्ल तळहातावर घेऊन तसाच गोल डोक्याला पिनेने लावला आणि पूर्ण निवल्यावर सोडला. तिसरी आणि चौथी बट किंचित ओलसर करून कापडावर गुंडाळल्या. तिसरी आत ओल असतानाच सोडली, चौथी ड्रायरने पूर्ण सुकवून, मग निववून सोडली. खिडक्या उघड्या, एसी बंद. बट लोंबते तेव्हा किती लांब भरते हे शिवणाच्या टेपने मोजत गेले.

गरम सोडलेली बट सुरुवातीला ५६ सेंटिमीटर होती, तासाभरात ७२, चार तासांनी ७६. म्हणजे जवळजवळ सरळ. पिन लावून निववलेली ५४ वरून ६२ आणि मग ६८. ओली सोडलेली ५८, ७१, ७५. पूर्ण सुकवून सोडलेली ५२, ५७ आणि चार तासांनी ६२.

भाची टेपकडे बघत राहिली. "म्हणजे मी जे दोन प्रकार केले, तेच दोन सगळ्यात वाईट!" मला मात्र दुसरंच काही खटकत होतं. चौथ्या बटेचा वरचा भाग स्प्रिंगसारखा घट्ट होता आणि साधारण कानाच्या पाळीखालून कर्ल एकदम ढिला पडला होता. चारही बटांत हाच फरक, त्याच उंचीवर. वजनाने केस ओढला जातो हे खरं आहे, पण वजनाचा परिणाम उलट दिसतो: वरच्या भागाला खालच्या सगळ्या केसांचा भार सोसावा लागतो, म्हणून आधी वरचा भाग सैल व्हायला हवा.

"स्मूदनिंग केलं होतंस का कधी?"

"हो, पण दोन वर्षं झाली मावशी. मला वाटलं आतापर्यंत गेलं असेल."

ते जात नाही. स्मूदनिंगमध्ये रसायनाने गंधकाचे पक्के बंध तोडून केस सरळ आकारात पुन्हा जुळवलेले असतात. जो केस तेव्हा डोक्यावर होता तो कापला जाईपर्यंत तसाच राहतो. मुळाशी नवा येतो तो मूळचा. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. दोन वर्षांचा हिशेब केला तर वरचे सत्तावीस-अठ्ठावीस सेंटिमीटर नवे आणि खालचे पन्नास स्मूदनिंग झालेले. शिवाय टोकं पाच वर्षांहून जुनी, म्हणजे ती कॉलेजात असताना मुळाशी उगवलेली. पाच वर्षांची धुणी, ऊन, लोकलच्या दारातला वारा, वरून रसायन. अशा केसाचे वरचे खवले झिजलेले असतात, तो पाणी पटकन पितो आणि पटकन आकार सोडतो. एकाच बटेत दोन स्वभावांचे केस होते. त्यांना एकसारखं वागवून चालणार नव्हतं.

इथे तिने विचारलं, "मग कायमचेच कुरळे करून टाकू का?" पर्म, म्हणजे केस कायमचे कुरळे करणं, काही आजचा नाही, कार्ल नेसलर या जर्मन केशकाराने १९०६ मध्ये लंडनमध्ये तापलेल्या सळ्या लावून तो दाखवला होता. आज रसायन वेगळं असलं तरी काम तेच: पक्के बंध तोडायचे आणि नव्याने जोडायचे. स्मूदनिंग झालेल्या केसांवर पुन्हा ते करणं म्हणजे उसवून शिवलेली शिवण पुन्हा उसवणं. कापडच फाटतं. मी स्पष्ट नाही म्हटलं, आणि कुणी कितीही आग्रह केला तरी अशा केसांवर मी पर्म करणार नाही.

आईची नऊवारी आणि माझी चूक

पुढच्या रविवारचा प्रयोग चिंध्यांवर. माझी आई ऐंशी पार आहे. तिच्या कपाटात एक जुनी सुती नऊवारी होती, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. तिने स्वतःच टर्रकन पट्ट्या फाडून दिल्या, चार बोटं रुंद आणि हातभर लांब. नातीला म्हणाली, "घे, तुझ्या मंगळागौरीला माझीही साडी." अशा कामाला जुनं सुती कापड सगळ्यात चांगलं. ते केसाला ओढत नाही, घसरू देत नाही, आणि केसातली ओल स्वतःकडे शोषून घेतं. सॅटिनचे दांडे विकत मिळतात, दिसायला देखणे असतात, पण ओल शोषत नाहीत. आपल्या हवेत मला कापडच पटतं.

लांब केसांना चिंधी बांधायची एक पद्धत म्हणजे टोकाकडून गुंडाळत मुळापर्यंत जायचं. खांद्यापर्यंतच्या केसांना ती ठीक आहे. पाऊण मीटर केसांचे वेढे एकावर एक चढतात, टोकं सगळ्यात आत जातात आणि तीच शेवटपर्यंत ओली राहतात. म्हणून मी उलट केलं. पट्टीची घडी घालून करंगळीएवढी जाड दोरी केली, ती बटेच्या मुळाशी क्लिपने अडकवली आणि केस तिच्याभोवती वरून खाली, वेलीसारखे, शेजारी शेजारी वेढे देत नेले. कुठेही केसावर केस चढू द्यायचा नाही. टोकाशी आले की दोरीचं उरलेलं टोक फिरवून गाठ मारायची आणि लोंबणारी गुंडाळी वर दुमडून पिनेने लावायची. असे वेढे लवकर सुकतात आणि कर्ल वरपासून खालपर्यंत एकसारखा येतो. खालच्या स्मूदनिंगच्या भागात वेढे जास्त जवळजवळ आणि थोडे घट्ट दिले. बटा केल्या सोळा. नेहमीच्या आठ-दहावर तिच्यासारखे दाट केस सुकले नसते.

खालच्या भागाला आधार म्हणून जवसाचं जेल केलं. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आचेवर सात-आठ मिनिटं ढवळत राहायचं. पळीवरून अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गॅस बंद, आणि गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळायचं. निवल्यावर ते गाळलंच जात नाही, हे मी एकदा पातेलं घेऊन बसून शिकले आहे. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं.

चूक प्रमाणात झाली. केस निसटतात म्हणून मी जेल सढळ हाताने थापलं, मुळापर्यंत. सकाळी कर्ल्स कडक, वर पांढरट पापुद्रे, आणि दुपारी हवा दमट झाली तसं ते जेलच चिकट होऊन बटा एकमेकींना चिकटल्या. जवसाचा थर हवेतलं पाणी घेतो आणि मऊ पडतो. थर जाड तेवढा चिकटपणा जास्त. पोरीला केस धुवावे लागले. नंतर एका बटेला हरभऱ्याएवढंच जेल, तेही फक्त खालच्या अर्ध्या भागात, तळहातांवर पसरून लावलं, तेव्हा जमलं. ग्लिसरीन असलेली जेलं मी पावसाळ्यात वापरत नाही. ग्लिसरीन हवेतलं पाणी केसाकडे ओढून आणतं, आणि श्रावणात आपल्याला नेमकं तेच नको असतं.

सासूबाईंचा प्रश्न

एक अडचण माझ्या वहीत नव्हती. सोमवारी संध्याकाळी केस गुंडाळायचे ठरलं होतं, आणि सासूबाई म्हणाल्या, "मंगळागौरीला सकाळी डोक्यावरून न्हायला हवं." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं; पूजेचा दिवस होता. मी त्यांना फोन करून सगळं नीट सांगितलं. दोन मिनिटं गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ताई, रविवारी न्हाऊ दे तिला. मंगळवारी अंगावरून घेईल. पोरीची हौस आहे." त्यांच्या या एका वाक्यावर पुढचं सगळं उभं राहिलं.

मला रविवारचं न्हाणं सोयीचंच होतं. नुकते धुतलेले केस फार निसरडे असतात; एक दिवस जुने केस आकार जास्त धरतात. शनिवारी रात्री खोबरेल तेल लावायला सांगितलं, न्हाण्याआधी, नंतर नाही. मुंबईतल्याच मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना प्रसिद्ध केली होती. त्यात केसातून प्रथिन निघून जाणं फक्त खोबरेलने कमी झालं, कारण ते केसाच्या आत शिरतं. जुन्या टोकांना हा आधार हवाच. रविवारी शाम्पू दोनदा, कंडिशनर फक्त टोकांना आणि तोही नीट धुऊन. सिरम बंद.

सोमवार संध्याकाळ ते मंगळवार रात्र

सोमवारी पाचला चिंध्यांची पिशवी घेऊन दादरला पोचले. केस कोरडेच होते. प्रत्येक बट स्प्रेच्या बाटलीने फक्त ओलसर केली, पाणी ठिबकता कामा नये. कपड्याला इस्त्रीआधी पाणी शिंपडतो तेवढी ओल. सोळा बटा गुंडाळायला दीड तास लागला. मग पंखा, आणि रात्री झोपण्याआधी ड्रायर मध्यम उष्णतेवर, वीतभर अंतरावरून, वीस मिनिटं. डोक्याला सुती ओढणी बांधून ती झोपली. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी तो रात्री जरूर लावावा, हवा कोरडी होते. तिच्या खोलीत नव्हता.

मंगळवारी पहाटे साडेपाचला मी मानेजवळची एक गुंडाळी सोडून गालाला लावून बघितली. बोटांना ओल कळत नाही, गालाला कळते. केस गार लागला तर आत पाणी आहे. गार लागला! बारा तासांनंतरही. ती गुंडाळी पुन्हा बांधली, सगळ्या डोक्याला पुन्हा पंधरा मिनिटं ड्रायर, शेवटची पाच मिनिटं थंड हवेवर. चहा झाला, नऊवारी नेसून झाली, आणि सव्वासातला, केस पूर्ण निवल्यावर, एकेक चिंधी सोडली. कंगवा नाही, बोटांनी प्रत्येक कर्लचे दोन-तीन भाग केले. फूटभर अंतरावरून हेअरस्प्रेचा हलका फवारा दिला. तोही पूजेच्या खोलीबाहेर, पूजेच्या तासभर आधी, कारण स्प्रेमध्ये अल्कोहोल असतं आणि समोर निरांजन, कणकेचे दिवे असणार होते. पूजेपुरते मागचे कर्ल्सही पाठीवर सैल बांधून ठेवले.

सोडताना लांबी ५३. दुपारी बाराला ५८. चार वाजता खेळांसाठी हॉलकडे निघालो तेव्हा पाऊस होता. निघण्याआधी सगळे कर्ल्स गोल करून क्लिपांनी डोक्यावर घेतले, वर ओढणी; हॉलमध्ये पोचल्यावर सोडले. हे मी प्रत्येकीला सांगते: रस्त्यात केस मिरवायचे नाहीत, दमट हवेत जितका कमी वेळ मोकळे तितके जास्त टिकतात. पाचला ६१.

मग झिम्मा, फुगडी, लाट्या बाई लाट्या, आणि पिंगा. पिंग्याला तिने डोकं असं काही गरगर फिरवलं की मीच श्वास धरून बसले. सातच्या सुमाराला कपाळावरच्या आणि कानाजवळच्या बटा घामाने सरळ झाल्या. ती बाटलीतलं पाणी मारायला निघाली होती, तिला थांबवलं. आधी केलेला आकार पाण्याने परत येत नाही; पाणी उरलेले बंधही सोडतं. त्या दोन बटा मागे वळवून गजऱ्याखाली पिनांनी लावल्या. मागचे कर्ल्स रात्री नऊला ६६ भरले. सैल झाले होते, लाटांसारखे दिसत होते, पण चौदा तासांनंतरही ७८ पासून बारा सेंटिमीटर वर होते. खालचा स्मूदनिंगचा भाग वरच्यापेक्षा ढिला होताच. तो फरक मी कमी करू शकले, घालवू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी तिने स्प्रे आणि जेल धुऊन काढलं. दिवाळीआधी खालचे पंधरा सेंटिमीटर कापायचे हे आम्ही दोघींनी ठरवलं आहे, आणि टाँगचा आकडा १८० च्या वर न्यायचा नाही हे तिने कबूल केलं आहे. चिंध्या आईने धुऊन, घड्या करून, त्याच कपाटात परत ठेवल्या. भाचीच्या नणंदेचा साखरपुडा भाद्रपदात, गौरी-गणपतीच्या आधी आहे. तिचे केस खांद्यापर्यंतच आहेत, त्यामुळे या वेळी आठ पट्ट्या पुरतील.